पुनर्जन्म पटत नसेल तर बौद्ध मार्गात नक्की काय उरतं?

अर्धविराम

विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज विचारूनच टाकतो. ध्यान नियमित आहे, पंचशील जमेल तसं पाळतो, सध्या मज्झिम निकाय (बुद्धांच्या सुत्तांचा, म्हणजे प्रवचनांचा, एक पाली संग्रह) अनुवादातून वाचतोय, हळूहळू. अनिच्च, दुक्ख, अनत्ता (सगळं अनित्य, दुःखमय, आणि कायमचा "मी" कुठेच नाही) सगळं कळलं असं म्हणणार नाही पण निदान बसल्यावर त्यातलं काहीतरी दिसतं, स्वतःपुरतं तपासता येतं, कोणी सांगितलं म्हणून मानायची वेळ येत नाही. घोडं अडतं ते एकाच जागी. मेल्यावर परत जन्म, मग देवलोक, नरक, प्रेतयोनी वगैरे. लोक सांगतात की हे नंतर कोणीतरी घुसडलंय, पण सुत्तं उघडली की दर थोड्या पानांनी "देह पडल्यावर, मरणानंतर" हे येतंच येतं आणि बोलणारे स्वतः बुद्ध असतात. एवढं सगळं घुसडलेलं असेल तर मग मूळ काय राहिलं?

आमच्या ध्यानाच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ साधक स्पष्टच म्हणाले की पुनर्जन्म मानत नसशील तर तू करतोयस तो धम्म नाही, टेन्शन घालवायचा व्यायाम आहे. दुसरे एकजण म्हणतात बुद्धाने पुनर्जन्म कधी शिकवलाच नाही. दोघंही बरोबर असू शकत नाहीत ना.

तर प्रश्न असा की खरोखरचा, शब्दशः पुनर्जन्म मानणं कितपत गरजेचं आहे? "श्रद्धा ठेवा" हे उत्तर कृपया नको. श्रद्धा काय बटण दाबून चालू होत नाही, आणि पटलंय असं नाटक केलं तर ते चौथं शील (खोटं न बोलणं) मोडल्यासारखंच होईल.

बिनधास्त बोका

काहीही फरक पडत नाही. कालाम सुत्त वाच. परंपरेने आलंय म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः बघा. आणि असल्या प्रश्नांवर बुद्ध गप्प बसायचे, बाण लागलेल्या माणसाची गोष्ट ठाऊक असेलच. कोणी मारला, कुठल्या लाकडाचा होता हे विचारत बसण्यापेक्षा बाण काढा. विषय संपला.

तिसरी घंटा

इतक्यात कुठे संपतोय विषय. वरच्या प्रतिसादात दोन गोष्टी इतक्या वेळा ऐकलेल्या आहेत की आता कोणी मूळ उघडून बघतच नाही.

पहिली, बाणाची गोष्ट. ती चूळमालुंक्य सुत्तात येते, मज्झिम निकाय ६३. तिथे बुद्ध ज्यांची उत्तरं देत नाहीत असे दहा मुद्दे आहेत. जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेलं की अनंत, जीव आणि शरीर एकच की वेगळे, आणि तथागत (म्हणजे बुद्ध) मरणानंतर असतो, नसतो, दोन्ही, दोन्ही नाही. झाले दहा. यात "सामान्य माणूस मेल्यावर परत जन्मतो का" हा प्रश्न कुठेय? नाहीच आहे. त्यावर ते गप्प बसत नाहीत, उलट विचारलं नसतानाही सांगतात. तेव्हा बाणाची गोष्ट पुनर्जन्माला लावणं म्हणजे दुसऱ्याची पावती आपल्या नावावर खपवणं.

दुसरी, कालाम सुत्त. त्याची पहिलीच पानं फेमस आहेत, शेवट कोणी वाचत नाही. शेवटी बुद्ध चार दिलासे देतात. ज्याच्या मनात वैर नाही, द्वेष नाही, त्याला पहिला दिलासा असा की परलोक असेल आणि कर्माचं फळ असेल तर मला चांगली गती मिळेल. दुसरा असा की नसेल, तरी याच आयुष्यात मी निर्वैर, सुखात राहतो. उरलेले दोन पापाचं फळ मिळतं की नाही याबद्दल आहेत. म्हणजे कालामांना ते "मान" असंही म्हणत नाहीत आणि "सोडून दे" असंही नाही. अर्धविराम यांच्यासाठी हा भाग खरंच कामाचा आहे, फक्त तो "काही फरक पडत नाही" असं म्हणत नाही एवढंच.

आणि जोडीला अपण्णक सुत्त घ्या, मज्झिम निकाय ६०. साला नावाच्या गावातले गृहस्थ, कोणत्याही गुरूवर त्यांचा विश्वास बसलेला नाही, म्हणजे साधारण आपल्यासारखेच. त्यांना बुद्ध म्हणतात की परलोक असो नसो, नीट वागणाऱ्याचं कुठेच नुकसान नाही. इथवर सगळे खुश. पण त्याच सुत्तात पुढे सरळ म्हटलंय की परलोक आहेच, त्यामुळे "परलोक नाही" ही दृष्टी मिथ्या दृष्टी. हे वाक्य गाळून सुत्त सांगायचं असेल तर मग काय बोलणार.

"त्या काळी सगळेच मानायचे म्हणून बुद्धही तसं बोलले" हेही कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. सगळे मानत नव्हते. सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबलीचं मत दिलंय, माणूस चार महाभूतांचा, मेला की माती मातीत आणि पाणी पाण्यात, शहाणा असो की मूर्ख, पुढे काही नाही. इतकं स्वच्छ नास्तिक मत समोर होतं, चर्चेत होतं, आणि बुद्धांनी ते नाकारलं. निवडून घेतलेली भूमिका आहे ही, हवेतून आपोआप आलेली नाही.

निळी शाई

तिसरी घंटा, संदर्भ चोख आहेत पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा तो मात्र तुम्ही गुलदस्त्यात ठेवलात :)

मी जरा दुसऱ्या बाजूने येते. बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच चार अडचणी मांडल्यात, त्यातली तिसरी नेमकी ही: बुद्धांनी आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कोणाचा? आणि पुढे पुस्तकात त्याचे दोन तुकडे केलेत, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. कशाचा, तर पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा, ते नष्ट होत नाहीत, देह मोडला की आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यातून पुन्हा काही घडतं. कोणाचा, म्हणजे तीच मेलेली व्यक्ती परत येते का, तर याची शक्यता त्यांना फार कमी वाटते. म्हणजे एका अर्थी पुनर्जन्म आहे पण "मी परत येईन" या अर्थी नाही.

आता हे पाली सुत्तांशी तंतोतंत जुळतं का, तर नाही जुळत, मीही वाचलंय थोडंफार. पण त्यांनी तसं का मांडलं ते बघायला हवं ना. मागच्या जन्मीच्या कर्माने तू आज असा आहेस, हे वाक्य हजारो वर्षं कोणाच्या तोंडावर फेकलं गेलं? ज्याच्या पायाखाली माणसं चिरडली गेली ते तत्त्व पुन्हा धम्माच्या नावाने घरात घ्यायचं नाही, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो मला आजही पटतो. कर्म मानायचं ते या आयुष्यातलं, समाजाची नैतिक व्यवस्था चालवणारं. पुनर्जन्म मानणाऱ्यांनी आधी या आक्षेपाला उत्तर द्यावं आणि मग अर्धविराम यांना मिथ्या दृष्टीवाले ठरवावं.

तिसरी घंटा

मिथ्या दृष्टीवाला कोणालाच ठरवलं नाही हो, सुत्तात काय आहे तेवढं लिहिलं.

पण तुमचा आक्षेप जड आहे, मान्य. आणि तो फक्त हिंदू कर्मवादाला लागतो असंही नाही, चूळकम्मविभंग सुत्तात (मज्झिम १३५) अल्पायुषी का, रोगी का, गरीब का, हलक्या कुळात जन्म का, याची कारणं मागच्या कर्मात दिलेली आहेत. ते सुत्त दडवून उपयोग नाही. पण त्याच्या शेजारी दोन सुत्तं ठेवायला हवीत. एक संयुत्त निकायातलं सीवक सुत्त. जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणारे चुकतात असं बुद्ध तिथे म्हणतात आणि आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतू बदलणं, अंगाची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि कर्मविपाक (कर्माचं फळ) आठवा. आठातला एक. दुसरं अंगुत्तर निकायात तिकनिपातात आहे, सगळं पूर्वकर्माने ठरलेलं मानलं तर करावं काय आणि करू नये काय यालाच अर्थ उरत नाही, असा तो युक्तिवाद. म्हणजे समोर गांजलेला माणूस दिसला की "भोगतोय आपलं" म्हणून हात झटकायला बुद्धांनी परवानगी दिलेली नाही.

याने तुमचा आक्षेप पूर्ण मिटला असं मी म्हणत नाही. १३५ वं सुत्त आहे तिथेच आहे.

निळी शाई

हे प्रामाणिक उत्तर झालं. आवडलं.

बिनधास्त बोका

मी चहाला गेलो आणि इथे एवढं रामायण! बरं बरं, बाण परत घेतो. पण मूळ मुद्दा राहतोच की, ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं?

पाऊलवाट

उशिरा येतोय, आणि लांबणार आहे, आधीच सांगतो.

मला वाटतं सगळे "आहे की नाही" वर भांडतायत आणि सुत्तांचा सगळा जोर दुसरीकडेच आहे. महातण्हासंखय सुत्त बघा, मज्झिम ३८. साति नावाचा भिक्षू, कोळ्याचा मुलगा. तो पुनर्जन्म मानतो बरं का, अगदी पक्का मानतो. त्याचं म्हणणं असं की हेच विज्ञान, हीच जाणीव, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते, तीच, वेगळी नाही. बुद्ध त्याला बोलावून घेतात आणि चारचौघांत जे काय सुनावतात, "मोघपुरुषा (मूर्ख माणसा), मी असं कोणाला शिकवलं?" अशा भाषेत. विज्ञान कारणांवाचून होत नाही, डोळा आणि रूप यातून होतं ते एक, कान आणि आवाज यातून होतं ते दुसरं, प्रवास करणारा कोणी नाही. आता गंमत बघा, अजित केसकंबली पुनर्जन्म नाकारतो म्हणून चुकीचा आणि साति पुनर्जन्म मानतो तरी चुकीचाच. का? कारण दोघांच्याही डोक्यात एक "मी" बसलाय. एक म्हणतो तो मरणाला संपतो, दुसरा म्हणतो तो पुढे जातो. संपायला काय किंवा जायला काय, तो आधी असायला हवा ना! उच्छेदवाद आणि शाश्वतवाद ही भांडणारी भावंडं आहेत आणि आई एकच.

आणि म्हणून अर्धविराम, तुम्ही जेव्हा म्हणता "मला पुनर्जन्म पटत नाही" तेव्हा नक्की काय पटत नाही हे एकदा स्वतःला विचारून बघा असं सुचवेन. "मी मेल्यावर मी परत येईन" हे पटत नसेल तर अभिनंदन, ते बुद्धांनाही पटत नाही. "एका ठिकाणी संपलेली कारणांची साखळी दुसऱ्या ठिकाणी पुढे चालू राहते" हे पटत नसेल तर तो वेगळा, आणि मोकळा, प्रश्न आहे.

मिलिंद राजाने नागसेन या भिक्षूला हेच विचारलं होतं, जन्मतो तो तोच की दुसरा? उत्तर, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणारा दिवा घ्या, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगळा दिवा होता का? तेही नाही. पण त्याहून मला त्यातला आंबेचोर आवडतो. चोर राजासमोर म्हणतो की मालकाने जे आंबे लावले ते मी चोरलेच नाहीत, त्याने कोय लावली होती, मी फळं तोडली, ही वेगळी. तांत्रिकदृष्ट्या बरोबर बोलतोय पण सुटत नाही! कारण ती फळं त्या कोयीमुळेच आली. "तोच" नसणं आणि "संबंध" नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून कळलं तरी बास.

अजून एक. सब्बासव सुत्तात (मज्झिम २) बुद्धांनी वायफळ विचारांची यादी दिलीय. मी भूतकाळात होतो का, नव्हतो का, काय होतो, कसा होतो, काय होऊन काय झालो. मग हेच भविष्यकाळाचं. मग आत्ता मी आहे का, नाही का, हा जीव कुठून आला, कुठे जाणार. एकूण सोळा प्रश्न. यातून मतांचं जंगल वाढतं असं म्हटलंय. जो माणूस दर दोन पानांनी "मरणानंतर" म्हणतो तोच माणूस "मी मागच्या जन्मी कोण होतो" हा विचार अयोग्य ठरवतो. हे दोन्ही एकत्र डोक्यात धरता आलं की निम्मं काम झालं असं मला वाटतं. पुनर्जन्म ते सांगतात, पण त्यात "मी"ला रमू देत नाहीत.

अवांतर: थायलंडचे बुद्धदास भिक्षू (१९०६–१९९३) याच दिशेने फार लांब गेले. "मी, माझं" असा भाव मनात उठला की तोच जन्म आणि विरला की मरण, दिवसातून कितीतरी वेळा, असं ते शिकवायचे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी प्रतीत्यसमुत्पादाची (एकातून एक दुःख कसं उपजतं त्या कारणसाखळीची) तीन जन्मांत जी वाटणी केली ती त्यांना मान्य नव्हती. साधनेला हे भलतंच उपयोगी पडतं, कारण असला जन्म तुम्ही आज संध्याकाळीच बघू शकता, कोणी तुमचं श्रेय दुसऱ्याला दिलं की बघा लगेच कोण जन्माला येतो ते.

तिसरी घंटा

पाऊलवाट, साति आणि आंबेचोर दोन्ही छान. बुद्धदासांबद्दल मात्र एक पाचर मारतो. साधनेला उपयोगी, शंभर टक्के. पण सुत्तांचा अर्थ तेवढाच, असं म्हटलं की गाडी रुळावरून उतरते. संयुत्त निकायात 'जाति'ची व्याख्याच दिलीय, त्या त्या प्राण्यांचा त्या त्या योनीत जन्म, स्कंधांचं (प्राणी ज्यांचा बनतो त्या पाच घटकांचं) प्रकट होणं. महानिदान सुत्तात बुद्ध आनंदाला विचारतात की विज्ञान आईच्या गर्भात उतरलंच नाही तर नामरूप (मन आणि शरीर) आकाराला येईल का? गर्भ म्हणजे गर्भच हो, तिथे मनातल्या भावाला जागा नाही. क्षणाक्षणाचा अर्थही जुना आहे हे खरं, अभिधम्मातल्या विभंग या ग्रंथात एकाच चित्तक्षणात सगळी साखळी लावून दाखवलीय, पण तिथे तो तीन जन्मांच्या अर्थाच्या शेजारी बसतो, त्याला उठवून नाही.

आणि माझी खरी अडचण अजून कोणी घेतलीच नाही. समजा मरण म्हणजे पूर्णविराम. मग तण्हा (तृष्णा) शिल्लक असो वा नसो, प्रत्येकाचं दुःख मरणाच्या दिवशी आपोआप मिटणारच, अर्हताचंही (पूर्ण मुक्त झालेल्याचंही) आणि खुन्याचंही. दुसरं आर्यसत्य तर म्हणतं की तण्हा पुन्हा पुन्हा भवात नेते, आणि पाच भिक्षूंपुढच्या पहिल्या प्रवचनाच्या शेवटी बुद्ध सांगतात की हा शेवटचा जन्म, आता पुनर्भव नाही. पूर्णविराम मानला तर या वाक्यात काय बातमी राहिली? सगळ्यांचाच शेवटचा जन्म की. स्रोतापन्नाला (मुक्तीच्या पहिल्या पायरीवरच्याला) जास्तीत जास्त सात जन्म, सकदागामी एकदा परत येणार, अनागामी इथे येणारच नाही, या सगळ्या पायऱ्या जन्मांत मोजलेल्या आहेत. पुनर्जन्म काढला तर इमारत पडत नाही कदाचित, पण जिना गायब होतो.

निळी शाई

तरी "आपोआप मिटणार" यात मधली वर्षं तुम्ही एका झटक्यात उडवलीत. जळणाऱ्या माणसाला "चाळीस वर्षांनी आग आपोआप विझेल" हे सांगून भागतं का? दुःख आत्ता आहे, त्याची कारणं आत्ता दिसतात, आणि धम्माचं वर्णनच "संदिट्ठिको" असं आहे, इथेच दिसणारा. शिवाय माझं दुःख माझ्याबरोबर मिटेल पण मी लोभाने, द्वेषाने जे करून ठेवलं ते कुठे मिटतं? ते मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं, पुढच्या पिढ्या ते फेडत बसतात. सुत्तांच्या हिशेबात हा पुनर्जन्म नाही हे मला माहितीये, तुम्ही सांगायच्या आधीच लिहिते. पण शील पाळायला हे कारण मला पुरेसं जड वाटतं.

कोपऱ्यातली खुर्ची

नेहमी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं कारण पायासि सुत्ताचा (दीघ निकाय २३) उल्लेख अजून आला नाही याचं नवल वाटलं. या प्रश्नावरचं सगळ्यात भन्नाट सुत्त आहे ते.

पायासि हा सेतव्याचा अधिपती, परलोक नाही म्हणतो आणि नुसतं म्हणत नाही, प्रयोग करतो! देहांताची शिक्षा झालेल्या चोराला मोठ्या रांजणात जिवंत घालून तोंड चामड्याने आणि मातीने बंद केलं, खाली जाळ केला, मग हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का बघितलं. नाही दिसला. दुसऱ्याला मारण्याआधी आणि मारल्यावर तोललं, वजन कमी व्हायचं सोडून जास्तच वाटलं. मरणाऱ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं की नरकात गेलात तर परत येऊन कळवा, कोणी आलं नाही. प्रयोग अंगावर काटा आणणारे आहेत पण डोकं तर बघा त्या माणसाचं. यावर कुमार कस्सप नावाचे भिक्षू जी उत्तरं देतात ती, मला तरी, बरीचशी उडवाउडवीची वाटतात, दाखल्यांवर दाखले. पकडलेल्या चोराला पहारेकरी घरी निरोप द्यायला सोडतात का, म्हणून नरकातला माणूस परत येत नाही. असं.

पण मला खटकतं ते वेगळंच. बौद्ध म्हणून सगळ्यात सोपं उत्तर होतं की अरे बाबा, बाहेर पडणारा असा कोणी जीव नसतोच, तू रांजणात शोधतोयस काय? कस्सप हे म्हणतच नाहीत! उलट झोपेत तुझा जीव येता-जाताना शेजारच्यांना दिसतो का असं विचारतात, म्हणजे पायासिच्याच भाषेत बोलतात. आणि जवळपास हाच संवाद जैनांच्या रायपसेणिय या ग्रंथातही आहे, तिथे केशी मुनी तो राजा पएसीला आत्मा आहे हे पटवायला वापरतात. एकच युक्तिवाद, एका घरात आत्मा सिद्ध करायला आणि दुसऱ्या घरात आत्मा नसताना परलोक सिद्ध करायला. तेव्हा पुरावा म्हणून या सुत्तावर फार भिस्त ठेवू नये असं माझं मत. नंतर सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने जाणीव ही आधीच्या जाणिवेतूनच येऊ शकते, नुसत्या जड पदार्थातून नाही, असा बराच भक्कम युक्तिवाद केला, पण तोही मूळ गृहीतक मान्य असेल तरच चालतो.

आणि मानणाऱ्यांचं तरी आपसात कुठे एकमत आहे. मरण आणि पुढचा जन्म यांच्यामध्ये काही अवस्था असते का? थेरवादी (पाली परंपरेचे) म्हणतात नाही, त्यांच्या कथावत्थू या ग्रंथात अशी अवस्था असते हे मत खोडून काढलंय. सर्वास्तिवादी (दुसरा एक जुना बौद्ध पंथ) म्हणतात असते, तिबेटी परंपरेत तर ४९ दिवसांपर्यंत. "शब्दशः मान" म्हणणाऱ्याला विचारावं की नक्की कोणाचा शब्द.

अर्धविराम

बापरे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पाऊलवाट यांनी विचारलं नक्की काय पटत नाही, त्यावर दोन दिवस डोकं चालवलं. खरं सांगायचं तर "मी परत येईन" हेच मी नाकारत होतो आणि नाकारताना "मी कायमचा संपणार" याची एक बारीक भीतीही वाटत होती, म्हणजे साति आणि अजित दोघंही माझ्याकडेच मुक्कामाला आहेत. साखळीचं काय, तर माहीत नाही. पटत नाही असं नाही आणि पटतं असंही नाही.

आता एकच उरलेला प्रश्न, तिसरी घंटा यांना खास. तुमचा जिना मान्य. पण ज्याला मागचे जन्म आठवत नाहीत, दिसत नाहीत, तो वरपर्यंत पोचू शकतो असं सुत्तांत कुठे आहे का? की शेवटी ते दिसावंच लागतं?

तिसरी घंटा

आहे की. सुसीम सुत्त, संयुत्त निकाय, निदानवग्ग, १२.७०. सुसीम हा दुसऱ्या पंथातला परिव्राजक, बुद्धांचा धम्म चोरून शिकायला संघात शिरलेला. काही भिक्षू आम्ही अर्हत झालो असं जाहीर करतात तेव्हा हा त्यांना एकेक विचारत जातो. ऋद्धी आहेत का? नाही. दिव्य श्रवण? नाही. मागचे जन्म आठवतात का? नाही. प्राणी मरून कुठे जन्मतात ते दिसतं का? नाही. मग अर्हत कसले? ते म्हणतात, आम्ही प्रज्ञाविमुक्त (प्रज्ञेने मुक्त झालेले). तो चक्रावून बुद्धांकडे जातो आणि बुद्ध त्याला विचारतात, रूप नित्य की अनित्य? तिथून सुरू करून प्रतीत्यसमुत्पादापर्यंत त्याच्याकडूनच वदवून घेतात आणि मग उलट विचारतात, आता तुला ऋद्धी आल्या का, मागचे जन्म आठवले का? नाही ना?

तेव्हा दिसावं लागत नाही. बुद्धांना स्वतःला बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरात मागचे जन्म दिसले असं सुत्तं सांगतात, पण ती सगळ्यांसाठीची अट नाही. महाचत्तारीसक सुत्तात (मज्झिम ११७) तर सम्यक दृष्टीच दोन प्रकारची सांगितलीय. "परलोक आहे, कर्माला फळ आहे" ही एक, आस्रवांसहित (मनातल्या मळांसहित), पुण्याच्या बाजूची. आणि दुसरी आर्य, आस्रवरहित, ती म्हणजे प्रज्ञाच. सोडायच्या दहा बंधनांतही "पुनर्जन्म न मानणे" असं बंधन नाही. पहिलं आहे सक्कायदिट्ठी, म्हणजे कोणी एक "मी" आहे ही समजूत, तुमचे ते दोन पाहुणे.

माझं मत अजूनही तेच, "बुद्धांनी शिकवलंच नाही" असं म्हणू नका, आणि "नाहीच" असा शिक्का मारून दार लावू नका. "माहीत नाही" वर बसता येतं. सालाच्या गृहस्थांना त्याच जागेवर बसवून सांगितलंय सगळं.

बिनधास्त बोका

म्हणजे मी म्हणालो तेच की शेवटी, फरक पडत नाही :D

तिसरी घंटा

नाही!!

पाऊलवाट

@अर्धविराम, सुसीम वाचताना लगेच पुढे पळू नका. बुद्धांचे जे प्रश्न आहेत, नित्य की अनित्य, जे अनित्य ते सुख की दुःख, जे दुःख त्याला "हे माझं, हा मी" म्हणणं योग्य का, तिथे प्रत्येक प्रश्नावर थांबून स्वतः उत्तर द्या. सुसीमाला पुनर्जन्म मानतोस का हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. मात्र पुढे "जन्मामुळे जरामरण, असं दिसतं का?" हे विचारलंय, तिथे आलात की परत इथे लिहा, कारण तिथे माझं आणि तिसरी घंटा यांचं पुन्हा जुंपणार आहे.